लेडीज की जेंट्स? मागणी ठरते कशी : आपले अनुभव

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातील दुकानदारांनी, कारागिरांनी आणि गिऱ्हाइकांनी येथे आपला अनुभव लिहावा, ही विनंती. एखादी वस्तू बायकांची किंवा पुरुषांची म्हणून विकली जाते ती मागणीमुळेच, असे आपण सहज म्हणतो. ती मागणी दुकानापर्यंत पोहोचली कशी, हे कृपया सांगावे.

खानापूर, औषध दुकान
वडिलांच्या काळापासून आम्ही सॅनिटरी पॅडचा एकच प्रकार ठेवत होतो. बायका गर्दी ओसरेपर्यंत बाजूला थांबत, बोटाने दाखवत आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले पाकीट पिशवीत टाकून निघून जात. ‘दुसरा आहे का?’ असे कोणी विचारत नसे, म्हणून दुसऱ्याला मागणीच नाही, असे आम्ही धरून चाललो. जुलै २०१८ मध्ये पॅडवरचा १२ टक्के जीएसटी रद्द झाला, तरी आमच्या फळीवर तोच एक प्रकार राहिला. पुढे सूनबाई दुपारी काउंटरवर बसू लागल्या आणि महिन्याभरात बिलबुकाच्या मागच्या पानावर यादी तयार झाली : रात्रीसाठी मोठे, बाळंतिणीसाठी वेगळे, कापसाचे. हे सारे घ्यायला याच बायका इतकी वर्षे बेळगावला जात होत्या, हे कळल्यावर मला फार वाईट वाटले.

निपाणी, चप्पल विक्री
मी अथणीहून कोल्हापुरी चपला आणतो. (या चपलांच्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर आपला बेळगाव जिल्हाही आहे.) लेडीज म्हणून येणारा माल बारीक पट्ट्यांचा, पातळ तळाचा असतो. तंबाखूच्या वखारीत आणि शेतात राबणाऱ्या बायकांना तो पुरत नाही, म्हणून त्या जाड तळाची जेंट्स जोडी नेत. माझ्या वहीत ती ‘जेंट्स’ म्हणून चढे आणि पुढच्या खेपेला मी जेंट्सचीच ऑर्डर वाढवत असे. एकदा एका मावशींनी पट्टा पायाला घट्ट बसावा म्हणून सुतळीने आवळलेली जोडी गल्ल्याशेजारी ठेवली, तेव्हा माझी चूक मला दिसली. कारागीर म्हणाला, “लेडीजला एवढं जाड कोण घेणार?” त्याच्या शेजारीच त्याची बायको चपलेवरची चामड्याची वेणी विणत बसली होती, ती म्हणाली, “मी घेईन की.” जाड तळ आणि अरुंद पट्टा अशा बारा जोड्या करून घेतल्या, त्या सगळ्या खपल्या. आता वहीत कोणाच्या पायासाठी नेली, याचा वेगळा रकाना आहे.

शहापूर, विणकर कुटुंब
आमच्याकडे नऊवारीची मागणी घटली, हे खरेच आहे. तरीही खेड्यांतल्या आजी लुगडे मागतात. मात्र दोन-चार नगांसाठी माग लावणे परवडत नाही.

टिळकवाडी, नोकरदार
निपाणीच्या दादांनी लिहिलेली सुतळी वाचून मला माझे कुडते आठवले. तयार कुडत्याला खिसा नसतो आणि दुकानदार सांगतात की बायका मागत नाहीत. मी मुकाट्याने कुडता घेते आणि गल्लीतल्या टेलरकाकांकडून जादा पैसे देऊन खिसा लावून घेते. काकांच्या टेबलावर असे दहा-बारा कुडते नेहमी पडलेले असतात, पण ज्या दुकानांतून ते आले, तिथे त्यांची विक्री बिनखिशाचीच म्हणून नोंदली गेलेली असते. पुढच्या खरेदीला मी खिसा आधी मागणार आहे, आणि नसेल तर कुडता परत ठेवणार आहे.