न्यूझीलंडचे २०११ चे सार्वमत : एमएमपी राखावी की बदलावी? (मतदानापूर्वीची चर्चा)

ऑकलंडनिवासी :
येत्या २६ नोव्हेंबर २०११ रोजी सार्वत्रिक निवडणुकीबरोबरच निवडणूक पद्धतीवरही सार्वमत होत आहे. कायमस्वरूपी रहिवासी म्हणून आम्हालाही मताधिकार आहे. मात्र घरात सर्वांना भारतातील ‘ज्याला सर्वाधिक मते, तो विजयी’ हीच पद्धत परिचयाची आहे. येथील एमएमपीमुळे, म्हणजे मिश्र सदस्य प्रमाणशीर पद्धतीमुळे (एक मत मतदारसंघातील उमेदवाराला, दुसरे पक्षाला; पक्षाच्या एकूण जागा दुसऱ्या मतांच्या प्रमाणात ठरतात व उरलेल्या पक्षाच्या यादीतून भरतात), छोटे पक्ष मोठ्या पक्षांना वेठीस धरतात, असे सतत ऐकू येते. मग ती का राखावी?

वेलिंग्टनकर :
ती का आणली गेली, हे आधी पाहावे. १९८१ मध्ये, येथेही ‘ज्याला सर्वाधिक मते, तो विजयी’ हीच पद्धत असताना, लेबर पक्षाला नॅशनल पक्षापेक्षा किंचित अधिक मते मिळूनही जागा मिळाल्या ४३, तर नॅशनलला ४७. आणि ज्या सोशल क्रेडिटला जवळजवळ २१ टक्के मतदारांनी कौल दिला, त्या पक्षाच्या वाट्याला ९२ पैकी अवघ्या दोन जागा आल्या. पाचातील एका मतदाराचा आवाज सभागृहात जवळजवळ पोहोचलाच नाही, आणि त्याला आपण ‘स्थिर सरकार’ म्हणायचे, हे मला मुळीच मान्य नाही. आघाडीत तडजोडी होतात, हे खरे. परंतु येथे पाठिंब्याचे करार प्रसिद्ध केले जातात आणि ते कोणालाही वाचता येतात. शिवाय २००८ मध्ये निवडून आलेले भारतीय वंशाचे दोन्ही नवे खासदार, नॅशनलचे कंवलजित सिंग बक्षी आणि लेबरचे राजेन प्रसाद, पक्षांच्या यादीतूनच संसदेत गेले.

ख्राइस्टचर्चवासी :
तत्त्व मान्य आहे. पण २००८ मध्येच ४.०७ टक्के मते मिळवून न्यूझीलंड फर्स्ट या पक्षाला एकही जागा नाही आणि ३.६५ टक्के मतांवर, केवळ एप्सम मतदारसंघाची एक जागा जिंकल्यामुळे, अ‍ॅक्ट पक्षाला पाच जागा, हे कोणत्या प्रमाणात बसते?

वेलिंग्टनकर :
बसत नाही, आणि ही तरतूद बदललीच पाहिजे. मात्र दोष पाच टक्क्यांच्या अटीत (त्याहून कमी मते मिळाल्यास यादीतील जागा नाहीत) आणि तिच्या अपवादात (मतदारसंघातील एक जागा जिंकल्यास ही अट लागू नाही) आहे. एमएमपी राखण्याचा कौल मिळाल्यास निवडणूक आयोगाने तिचा फेरआढावा घ्यावा, अशी कायद्यातच तरतूद आहे. ती राखली, तरच ही दुरुस्ती होऊ शकेल.

आणखी एक. मतपत्रिकेवर दोन प्रश्न आहेत : एमएमपी राखावी की बदलावी, आणि बदलल्यास चार पर्यायांपैकी कोणता हवा. पहिल्या प्रश्नाला ‘राखावी’ असे उत्तर देणाऱ्यांनाही दुसऱ्या प्रश्नात मत देता येते. ते अवश्य द्यावे, कारण बदलाचा कौल आल्यास तेथील सर्वाधिक पसंतीचा पर्याय पुढे एमएमपीसमोर उभा राहू शकतो. चार पर्यायांपैकी एसटीव्ही (एकल संक्रमणीय मत) ही एकच पद्धत खऱ्या अर्थाने प्रमाणशीर आहे; भारतात राज्यसभेसाठी आमदार याच पद्धतीने पसंतीक्रम नोंदवतात. एसएममध्ये (पूरक सदस्य पद्धतीत) १२० पैकी केवळ ३० जागा पक्षनिहाय मतांच्या प्रमाणात वाटल्या जातील, म्हणून तिच्या नावाला भुलू नये.