स्कॅफोल्डिंगची ड्रॉइंग काढायची आहेत, कॅड (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणं) शून्यापासून कसं शिकू?

क्लॅम्पपाना

नमस्कार मंडळी. आठ वर्षं झाली स्कॅफोल्डिंग बांधतोय, ट्यूब-क्लॅम्प, कपलॉक, रिंगलॉक सगळ्या प्रकारचं हाताखालून गेलंय. आता गुडघा कुरकुरायला लागला आणि साहेब म्हणतात तुला साइटवरचं सगळं कळतं तर ड्रॉइंग शिकून घे, ऑफिसात बस. कॉम्प्युटर म्हणाल तर ईमेल आणि थोडंफार एक्सेल, बास. ऑटोकॅडचे व्हिडिओ बघतोय पण सगळे एकतर घराचा प्लॅन शिकवतात नाहीतर नट-बोल्ट. तीन शनिवार-रविवार घालवून एक बेडरूम काढली, तिचा दरवाजा पण उघडतो आता, पण त्यात परांची कुठाय?

विचारायचं एवढंच की सॉफ्टवेअर कुठलं घेऊ, २डी शिकू की डायरेक्ट ३डी, आणि स्कॅफोल्डिंगच्या ड्रॉइंगवर नक्की काय काय दाखवायचं असतं. साइटवर आजवर जी ड्रॉइंग हातात आली त्यातली अर्धी तर आम्ही बघून बाजूलाच ठेवायचो.

रेषाबहाद्दर

भाऊ, ती अर्धी ड्रॉइंग बाजूला का ठेवायचात ते आधी एका कागदावर लिहून काढा, तोच तुमचा सिलॅबस. थट्टा नाही करत. कॅडच्या कमांड महिन्याभरात येतात, पण बांधणाऱ्याला काय लागतं हे आम्हाला ऑफिसात बसून वर्षानुवर्षं कळत नाही आणि तुम्हाला ते आधीच येतंय.

सॉफ्टवेअरवर डोकं घालवू नका. ऑफिसात जे आहे तेच शिका, बहुतेक ठिकाणी ऑटोकॅड किंवा त्याची साधी आवृत्ती एलटी असते. घरी फुकटात हात बसवायचा तर लिब्रेकॅड आहे, फक्त २डी आहे पण लाइन, ऑफसेट, ट्रिमची सवय तीच लागते. सुरुवातीला दहा-बाराच कमांड लागतात. लाइन, कॉपी, मूव्ह, ऑफसेट, ट्रिम, एक्स्टेंड, मिरर, अ‍ॅरे, ब्लॉक (एकदा काढून पुन्हा पुन्हा लावायचं चित्र) आणि डायमेन्शन. शिवाय एफ३ ने ओस्नॅप (रेषेचं टोक-मध्य आपोआप पकडणं) आणि एफ८ ने ऑर्थो (रेषा सरळ आडवी-उभीच जाणं) चालू-बंद होतं, ही दोन बटणं बोटाला सापडली की निम्मी चिडचिड कमी.

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळा, सगळं खऱ्या मापात काढायचं, मिलिमीटरमध्ये. २.५ मीटरचा बे (दोन उभ्या पाइपमधला गाळा) म्हणजे २५०० युनिट. स्केल वगैरे नंतर लेआउटमध्ये (छपाईच्या शीटवर) व्ह्यूपोर्टला (त्या शीटवरच्या खिडकीला) द्यायची, मॉडेलमध्ये काहीही लहान-मोठं करायचं नाही. ए१ कागदाची पूर्ण लांबी १:५० ला साधारण ४२ मीटर होते, त्यातून कडेची जागा वजा करून भिंत मावते, लांब असेल तर १:१०० घ्या नाहीतर दोन शीट करा.

आता पाइप एका रेषेत काढायचा की दोन, हे मला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून सांगतो. पाइप ४८.३ मिमीचा. १:१०० ला तो कागदावर अर्धा मिमी पण भरत नाही, दोन रेषा काढल्या तर प्रिंटमध्ये चिकटून काळा पट्टा होतो. म्हणून मोठ्या एलेव्हेशनला (समोरून दिसणाऱ्या चित्राला) एकच रेघ आणि तिला जाड लाइनवेट. डिटेल १:२० किंवा १:१० ला काढाल तेव्हा दोन रेषा, क्लॅम्प, सगळं दाखवा.

लेयर (ड्रॉइंगचे थर) वेगळे ठेवा. इमारत फिकट राखाडी, उभे पाइप वेगळे, लेजर-ट्रान्झम (लांबीतले आणि रुंदीतले आडवे पाइप) वेगळे, ब्रेस (तिरके पाइप) वेगळे, फळ्या वेगळ्या, आणि टाय (स्कॅफोल्डिंग इमारतीला धरून ठेवणारे जोड) तर नक्की वेगळ्या लेयरवर ठळक रंगात. टाय शोधावे लागले तर ते ड्रॉइंग वाया गेलं असं मी समजतो.

उभाआडवा

वरच्यांचं सगळं बरोबर, त्यात माझी फजिती जोडतो म्हणजे तुमची वाचेल.

पहिलं मोठं काम, सलग भिंत, रिंगलॉक, वीस बे. मी ब्लॉक बनवला तो असा की एका पाइपच्या कडेपासून दुसऱ्या पाइपच्या कडेपर्यंत २५०० आणि पाइपची जाडी वेगळी. दिसायला एकदम झकास. पण बेचं माप धरतात ते उभ्याच्या सेंटरपासून सेंटरपर्यंत, त्यामुळे दर बेला ४८.३ मिमी जास्त, वीस बेला ९६६ मिमी. ड्रॉइंगवर शेवटचा उभा बरोबर कोपऱ्यावर आणि साइटवर कोपरा जवळजवळ मीटरभर पुढे राहिलेला, मग बांधणाऱ्यांनी तिथे ट्यूब-क्लॅम्पने जोडकाम केलं आणि मला फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही 😅

तेव्हा लेजरचा ब्लॉक करताना बेस पॉइंट (ब्लॉक जिथे पकडून लावतो तो बिंदू) उभ्याच्या मध्यावर ठेवा, पाइपच्या टोकावर नाही. आणि ब्लॉक शून्य लेयरवर काढून मग सेव्ह करा म्हणजे ज्या लेयरवर टाकाल त्याचा रंग घेतो. एकदा उभे, लेजर, जॅक (उभ्याखालचा उंची जुळवायचा स्क्रू), फळी, शिडी असे पंधरा-वीस ब्लॉक तयार झाले की पुढचं काम म्हणजे साइटवर माल लावण्यासारखंच, एकेक उचलायचा आणि लावायचा.

अजून एक. इमारतीचं पीडीएफ मिळतं ना, ते खाली टाकून त्यावर काढायला सांगतील. ते स्केलमध्ये आहे असं समजू नका. लिहिलेलं एखादं लांब माप पकडा, स्केल कमांडमध्ये रेफरन्स वापरून ते बरोबर करा आणि मग दुसरं एखादं माप, शक्यतो दुसऱ्या दिशेतलं, मोजून तपासा. दोन्ही जुळली तरच पुढे.

जिनाचढे

२०२५ च्या पुढे बसून अजून २डीच शिकवताय लोकांना? डायरेक्ट ३डी करू दे की त्याला. प्लॅन, एलेव्हेशन, सेक्शन (उभा काप) एकाच मॉडेलमधून निघतात, एक उभा हलवला की सगळीकडे हलतो, माल किती लागणार ते पण मोजून मिळतं.

रेषाबहाद्दर

@जिनाचढे हलतो मान्य, पण चुकला तर सगळीकडे चुकतो हेही आहेच ना. आणि हा माणूस आत्ता माउस धरतोय. आधी २डी मध्ये एक साधी भिंत, प्लॅन-एलेव्हेशन-सेक्शन, एकमेकांशी जुळवून काढता आलं पाहिजे. गोल टाकी, बॉयलरच्या आतलं, लटकतं स्कॅफोल्डिंग असलं आलं की ३डी शिवाय पर्याय नाही, तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर. मालाची यादी म्हणाल तर २डी मध्ये पण ब्लॉक नीट ठेवले तर ते मोजता येतात, फक्त एलेव्हेशनमध्ये पुढची एकच रांग दिसते, मागची धरायची राहते हे विसरू नका.

भारवाही

मी स्ट्रक्चरल डिझाइन बघते, म्हणून एक मुद्दा जो वर कुणी काढला नाही. ड्रॉइंग काढणं आणि डिझाइन करणं ही दोन कामं आहेत. क्लॅम्पपाना, तुमच्याकडे आठ वर्षांचा अंदाज आहे आणि तो चांगलाच असणार, पण टाय किती अंतरावर, पायाखाली किती भार, हे आकडे हिशेब करणाऱ्याकडून घ्या आणि त्यांचं नाव-सही कागदावर येऊ द्या.

तरी साधा हिशेब कळलेला बरा, म्हणजे प्रश्न विचारता येतात. समजा २.५ मीटरचे बे, १.३ मीटर रुंदी, आणि फळीवर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळ २०० किलो (युरोपियन ईएन १२८११ मध्ये हा तिसरा लोड क्लास). मधल्या उभ्याकडे दोन्ही बाजूचा अर्धा-अर्धा बे आणि अर्धी रुंदी येते, २.५ × ०.६५ × २, म्हणजे ३.२५ किलोन्यूटन. हा फक्त एका लिफ्टचा (फळ्यांच्या एका मजल्याचा) माणसांचा आणि मालाचा भार, स्कॅफोल्डिंगचं स्वतःचं वजन वेगळं, वारा वेगळा, शीटिंग लावली तर वारा फारच वेगळा. जाळी आहे की शीट हे ड्रॉइंगवर लिहिलेलं नसेल तर माझा हिशेब कशाचा आहे तेच कुणाला कळणार नाही.

म्हणून शीटवर हे असलंच पाहिजे: लोड किती आणि एका वेळी किती लिफ्टवर, टायची जागा आणि प्रकार, ब्रेस कुठल्या बेला, खाली जमीन कसली आणि सोल बोर्ड (उभ्यांच्या पायाखालची फळी) आहे का, वर चढायचं कुठून, माल उतरवायचा बे कुठला. रिव्हिजन नंबर तर हवाच. आणि "मोजपट्टीने माप घेऊ नये" ही टीप, कारण ए१ चं ड्रॉइंग साइटवर ए३ वर छापतात आणि १:५० चं गपचूप १:१०० होतं.

क्लॅम्पपाना

ताई, दादा, सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून भिंतीला लावलंय. @भारवाही ए३ चं अगदी खरं, आम्ही त्यावर पट्टी ठेवून माप घ्यायचो आणि मग तुम्हाला शिव्या घालायचो, माफी असावी 🙏

बेडरूम डिलीट केली. आम्हीच मागे बांधलेली एक भिंत आठवणीतून काढायला घेतली, चार बे तीन लिफ्ट. पहिल्यांदा डाव्या कोपऱ्यापासून सुरू केलं आणि जमिनीला उतार असल्यामुळे उजवीकडचा उभा जमिनीत घुसला. मग लक्षात आलं की साइटवर आपण जमिनीच्या सगळ्यात उंच जागेपासून सुरुवात करतो, जॅक तिथे कमीत कमी ठेवून, आणि मग खाली उतरत जातो. तसंच काढलं तर सगळं लेव्हलमध्ये बसलं. म्हणजे बांधायचा जो क्रम तोच काढायचा, असंच ना?

एक शंका. ट्यूब-क्लॅम्पचा २.५ चा बे, लिफ्ट २ मीटर, त्यात तिरका ब्रेस टाकला तर कॅड ३.२० मीटर दाखवतंय. मालाच्या यादीत ३.२ चा पाइप लिहू का?

उभाआडवा

क्रम तोच, अगदी बरोबर पकडलंत. ३.२० हे सेंटर ते सेंटर झालं, क्लॅम्पच्या बाहेर दोन्हीकडे टोक राहायला नको का? पुढच्या मापाचा पाइप लिहा. साइटवर असता तर ३.२ चा पाइप वर पाठवणाऱ्याला काय बोलला असतात ते आठवा.