‘द क्रूसिबल’ : सेलमच्या फाशींचा दोष ॲबिगेलचा की न्यायालयाचा?

आर्थर मिलर यांचे १९५३ सालचे ‘द क्रूसिबल’ हे नाटक अमेरिकेतील सेलम येथे १६९२ मध्ये चाललेल्या चेटकाच्या खटल्यांवर आहे. त्याविषयी बोलताना सगळा दोष, गावकऱ्यांवर चेटकाचे आरोप करणाऱ्या मुलींची म्होरकी ॲबिगेल विल्यम्स हिच्या माथी मारला जातो, हे मला पटत नाही. रात्री जंगलात नाचताना सापडलेल्या मुलींनी शिक्षेच्या धाकाने खोटे बोलावे, हे समजण्यासारखे आहे. त्या खोट्याला पुराव्याचा दर्जा दिला तो खटले चालवणारा न्यायाधीश, उपराज्यपाल डॅनफर्थने. तिसऱ्या अंकातील त्याचा युक्तिवाद असा, की चेटूक हा मुळातच अदृश्य गुन्हा असल्याने त्याचे साक्षीदार दोनच, चेटकीण आणि तिचा बळी. चेटकीण स्वतःविरुद्ध बोलणार नाही, तेव्हा बळीचा शब्द मानायचा. एकदा हे मान्य केले की निरपराध माणसाकडे बचावाचे कोणतेही साधन उरत नाही. कबुली देणारा वाचतो आणि नाकारणारा फासावर जातो, हा नियम काही सतरा वर्षांच्या मुलीने केलेला नव्हता.

प्रतिसाद १ : असहमत. धाकाचे कारण पहिल्या दिवसापुरते ठीक आहे. जिच्या नवऱ्याशी, जॉन प्रॉक्टरशी, तिचे संबंध होते ती एलिझाबेथ प्रॉक्टर मरावी म्हणून ॲबिगेल रक्त प्यायली होती, हे पहिल्याच अंकात कळते. पुढे एलिझाबेथच्या घरातील बाहुलीत खोचलेल्या सुईचा आधार घेऊन ती त्याच एलिझाबेथला अटक करवते. हा थंड डोक्याने रचलेला कट आहे. डॅनफर्थ निदान स्वतःच्या समजुतीप्रमाणे तरी न्याय करतो आहे, हिला मात्र सत्य ठाऊक आहे.

प्रतिसाद २ : सत्य जॉन प्रॉक्टरलाही ठाऊक होते, त्याचे काय? जंगलातील त्या प्रकाराचा चेटकाशी काही संबंध नाही, हे ॲबिगेलने त्याला एकांतात सांगितले होते. दुसरा अंक उघडतो तो आठ दिवसांनी, तेव्हा चौदा जण तुरुंगात आहेत आणि हा अजून शेतावरच आहे. आपला व्यभिचार उघड होईल या भीतीने तो गप्प बसला, आणि आपण मात्र शेवटच्या अंकात खोटा कबुलीजबाब फाडून फासावर जाणाऱ्या त्याच्या बाणेदारपणावर भाळून ते आठ दिवस विसरतो.

धागाकर्ता : प्रॉक्टरच्या मौनाचा मुद्दा मोलाचा आहे, पण बोलणाऱ्यांचे काय झाले तेही पाहावे. फ्रान्सिस नर्स या गावकऱ्याने अटकेतील आपल्या पत्नीच्या सच्छीलतेची ग्वाही देणाऱ्या एक्याण्णव जणांच्या सह्या आणल्या, तर डॅनफर्थने त्या सर्वांनाच चौकशीसाठी पकडून आणण्याचा हुकूम काढला. शिवाय प्रॉक्टर आणि ॲबिगेलचे संबंध ही मिलर यांची कल्पना आहे. १६९२ मध्ये खरी ॲबिगेल जेमतेम अकरा-बारा वर्षांची होती आणि प्रॉक्टर साठीचा. तरीही एकोणीस जण फासावर गेलेच. ऑक्टोबरात राज्यपाल फिप्स यांनी ते न्यायालय बरखास्त केले, आणि पुढच्या न्यायालयाने आरोपीचे भूत आपल्याला दिसले अशा साक्षींवर आधारलेला पुरावा नाकारल्यावर बहुतेक आरोपी सुटले.

प्रतिसाद १ : इतिहासातील न्यायालयाला दोषी ठरवून नाटकातील ॲबिगेलला सोडून देता येणार नाही. मिलर यांनी तिचे वय मुद्दाम वाढवले, तिला हेतू दिला. तो हेतू बाजूला ठेवला तर नाटकच उरत नाही.

धागाकर्ता : हेतू तिचाच, हे मान्य. पण चौथ्या अंकात ती मामाचे पैसे चोरून पळाल्याचे कळल्यावरही डॅनफर्थ फाशी पुढे ढकलायला तयार होत नाही, आणि कारण देतो ते एवढेच, की याच गुन्ह्यासाठी बारा जण आधीच लटकले आहेत. तिथे तो फसवला गेलेला राहत नाही.