नांतचं फर्मान: सहिष्णुता कसली, तह होता तो!

बखरप्रेमी

युरोपातल्या धार्मिक सहिष्णुतेचा विषय निघाला की फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीच्या गळ्यात हार पडलाच म्हणून समजा. १५९८ साली त्यानं नांतचं फर्मान काढलं, कॅथलिक देशात प्रोटेस्टंटांना (तिथले ह्युगेनॉट) उपासनेची मुभा दिली आणि म्हणे युरोप शहाणा झाला.

फर्मानातली कलमं बघा. पॅरिसमध्ये आणि भोवतीच्या पाच लीगांत (सुमारे वीस किलोमीटर) प्रोटेस्टंट उपासनेला बंदी. इतरत्र १५९६-९७ मध्ये ती जिथे चालू होती तिथे चालू द्यायची, शिवाय दर जिल्ह्यात दोन ठिकाणी आणि बड्या सरदारांच्या गढ्यांत. ह्युगेनॉटांनीही दशांश कर भरायचा तो कॅथलिक चर्चलाच, आणि कॅथलिक सणांना दुकानं बंद ठेवायची. बदल्यात सुमारे दीडशे तटबंदीची गावं आणि किल्ले आठ वर्षांसाठी त्यांच्या ताब्यात. त्यातल्या बऱ्याच ठिकाणच्या शिबंदीचा पगार राजाच्या खजिन्यातून!

एकमेकांवर विश्वास असलेली माणसं असा कागद करतात का? १५६२ पासून आठ युद्धं झाली होती, दोन्ही बाजू दमल्या होत्या. हेन्री तर ह्युगेनॉट म्हणून वाढलेला, १५९३ मध्ये कॅथलिक झाला तेव्हा कुठे पॅरिसनं त्याला आत घेतलं. तहनामा म्हणा, माझी हरकत नाही. सहिष्णुता म्हणू नका.

सडेतोड

तहच होता. मग बिघडलं काय?

१५७२ चा ऑगस्ट आठवा. याच हेन्रीच्या लग्नाला पॅरिसमध्ये जमलेले ह्युगेनॉट सरदार आठवडा उलटायच्या आत कापले गेले. सेंट बार्थोलोम्यूची कत्तल ती. एकट्या पॅरिसमध्ये दोन-तीन हजार माणसं मेली, मग लोण इतर शहरांत गेलं. तेराव्या ग्रेगरी पोपनं त्या आनंदात पदक पाडलं. हेन्री स्वतः धर्म बदलायला कबूल झाला म्हणून वाचला.

तोच माणूस २६ वर्षांनी दोन्ही पंथांचे न्यायाधीश एकत्र बसवणारी न्यायालयं उभी करतो. शाळा, इस्पितळं, सरकारी पदं पंथ न बघता खुली करतो. आणि पहिल्याच कलमात सांगतो की युद्धातली जुनी उणीदुणी कुणी उकरून काढायची नाहीत. मनं स्वच्छ झाली की मग कायदा करू म्हणत बसला असता तर आणखी आठ युद्धं झाली असती.

रानवारा

ह्युगेनॉट म्हणजे गरीब गाय हे चित्रही पुसायला हवं. १५६७ मध्ये नीम शहरात त्यांनी कॅथलिक पाद्री आणि नागरिक मारून विहिरीत टाकले. बेआर्नमध्ये हेन्रीची आई झान दाल्ब्रे राणी होती, तिनं कॅथलिक उपासनाच बंद पाडली. ह्युगेनॉटांचा गुरू कॅल्व्हिन, त्याच्या जिनेव्हानं १५५३ मध्ये सर्व्हेटस या पाखंडी ठरवलेल्या विद्वानाला जिवंत जाळलं, आणि तो तर कॅथलिकांच्या तुरुंगातून पळून आलेला! ज्याच्या हाती गाव, त्यानं दुसऱ्याचं देऊळ बंद करायचं, एवढाच नियम.

बखरप्रेमी

@रानवारा, तेच तर म्हणतोय. दुसऱ्याला जगू द्यावं असं मनातून वाटणारं कुणी नव्हतंच.

सडेतोड

नव्हतं कसं? कास्तेल्यो हा प्रोटेस्टंट विद्वान होता की. सर्व्हेटसला जाळल्यावर बाझेलला बसून त्यानं कॅल्व्हिनला सुनावलं: माणूस मारणं म्हणजे सिद्धान्त राखणं नव्हे, माणूस मारणंच. पण त्याच्याकडे ना फौज, ना खजिना. हेन्रीकडे दोन्ही होतं.

पाटीपेन्सिल

माझ्या मते खरी चूक त्या किल्ल्यांची. राज्यात दुसरं राज्य कुठला राजा खपवून घेईल? तेराव्या लुईचा मुख्यमंत्री रिशल्यू स्वतः कॅथलिक चर्चचा कार्डिनल. पण १६३१ पासून त्यानं जर्मनीत कॅथलिक सम्राटाशी लढायला प्रोटेस्टंट स्वीडनला पैसे पुरवले. मग घरात ला रोशेलला वेढा का घातला (१६२७-२८)? ते इंग्लंडशी परस्पर संधान बांधणारं बंदर होतं म्हणून. किंमत भयंकर होती, कबूल: २७ हजारांच्या आसपास वस्ती, वेढ्याअखेर जेमतेम पाच हजार उरली. पण १६२९ च्या आलेसच्या तहात किल्ले गेले आणि उपासना राहिली. धर्मच बुडवायचा असता तर तेव्हाच बुडवला असता.

बखरप्रेमी

आणि किल्ले गेल्यावर? ते सांगायचं राहिलं वाटतं. १६८१ पासून पोआतू प्रांतात ह्युगेनॉटांच्या घरात घोडदळाचे शिपाई मुक्कामाला घातले. खा, प्या, मोडा, घरमालक कॅथलिक होईपर्यंत हलू नका. १६८५ मध्ये चौदाव्या लुईनं फर्मानच रद्द केलं. पाद्र्यांनी पंधरा दिवसांत देश सोडायचा, बाकीच्यांनी मात्र सोडायचा नाही. पळताना सापडलेल्या पुरुषाची रवानगी राजाच्या जहाजांवर वल्ही मारायला. तरी दीड-दोन लाख माणसं निसटली. रद्द झालेल्या कागदावर 'कायमचं आणि रद्द न होणारं' असं लिहिलं होतं, हे विशेष.

नर्मदेकाठी

अवांतर: गोवळकोंड्याच्या हिऱ्यांमुळे आपल्याला माहीत असलेला ताव्हर्निये हाही प्रोटेस्टंटच. भारतातून नेलेला मोठा निळा हिरा त्यानं याच लुईला विकला, लुईनं त्याला सरदारकी दिली. त्याचा शेवट मात्र १६८९ मध्ये मॉस्कोत झाला. चालू द्या.

सडेतोड

@बखरप्रेमी, १६२९ ते १६८५, म्हणजे ५६ वर्षं, ह्युगेनॉट किल्ल्यांविना जगले. व्यापार केला, फौजेत सेनापती झाले, पॅरिसबाहेर शारांताँला हजारोंनी उपासनेला जात होते. शेजाऱ्यांनी त्यांना हाकललं नाही, व्हर्सायच्या राजदरबारानं हाकललं. यात दोष १५९८ च्या कागदाचा कसा?

मधली ओळ

शेजारी अगदीच निर्मळ नव्हते हो. प्रार्थनामंदिरं पाडा म्हणून राजाकडे धोशा लावणारे स्थानिक पाद्री आणि वकील होतेच.

पण दोघांनाही एक प्रश्न आहे. १६८५ चा हुकूम जर्मन सीमेवरच्या आल्सास प्रांतात लागू झाला नाही. तिथलं स्ट्रासबुर्ग शहर तर लुईनं चारच वर्षांपूर्वी घेतलं होतं. तिथलं कॅथेड्रल काढून कॅथलिकांना दिलं, लुथरपंथीयांना नाना तऱ्हेनं छळलं, पण त्यांची उपासना बंद केली नाही. राजा तोच, साल तेच. फरक एवढाच की आल्सासच्या लोकांचे हक्क तीस वर्षांचं युद्ध संपवणाऱ्या १६४८ च्या वेस्टफेलियाच्या तहात होते, आणि त्यावर परक्या राजांच्याही सह्या होत्या. नांतच्या फर्मानावर सही एकाच राजाची, म्हणून त्याच्या नातवाला ते एका हुकमात फाडता आलं. मग नांत तह होता म्हणून पडलं, की पुरेसा तह नव्हता म्हणून?

बखरप्रेमी

आल्सासचं माझ्या डोक्यात नव्हतं. पण म्हणजे टिकलं ते परक्या फौजांच्या भीतीनंच ना? सहिष्णुता अजून दिसली नाहीच.