‘नी घेणे’ला (take a knee) मराठीत काय म्हणायचं? ‘गुडघे टेकले’ चालेल का?

प्रश्न: अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलवर मराठीत लिहितेय. मॅच संपत आलीये, आपण पुढे आहोत, बॉल आपल्याकडे आहे, अशा वेळी क्वार्टरबॅक (प्रत्येक प्लेला, म्हणजे डावाला, बॉल ज्याच्या हातात आधी येतो तो खेळाडू) बॉल हातात येताच गुडघा जमिनीला लावतो आणि प्ले तिथेच संपतो. याला ‘गुडघे टेकले’ लिहिलं तर वाचणारा म्हणेल हरले वाटतं. काय लिहू?

—

‘गुडघे टेकले’ अजिबात नको, मराठीत त्याचा अर्थ शरण गेले एवढाच. पण ‘गुडघा टेकवला’ लिहून बघा. एकवचन आणि ‘टेकवणे’, म्हणजे कोणीतरी मुद्दाम ठरवून केलंय हे क्रियापदातच येतं. आणि खेळातही तसंच आहे, कॉलेजच्या नियमात बॉल हातात असताना गुडघा जमिनीला लागला की बॉल डेड, म्हणजे प्ले संपला, कोणी टॅकल करायचीही गरज नाही, घड्याळ मात्र चालूच राहतं आणि पुढचा प्ले सुरू करायला ४० सेकंद मिळतात. समोरच्यांचे घड्याळ थांबवायचे टाइमआउट संपले असतील तर ते नुसते बघत बसतात.

हा शब्द नीट हवाच, कारण याच्यावर अख्ख्या मॅच गेल्यात. ७ ऑक्टोबर २०२३, मायामी विरुद्ध जॉर्जिया टेक. मायामी २०-१७ ने पुढे, टेककडे एकही टाइमआउट नाही, अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ उरलेला. गुडघा टेकवला असता की विषय संपला होता. पण बॉल रनिंग बॅककडे (बॉल घेऊन पळणाऱ्याकडे) दिला, फंबल झाला, म्हणजे बॉल हातातून सुटला, २६ सेकंद शिल्लक असताना बॉल टेककडे गेला आणि त्यांनी ७४ यार्ड कापून, एक सेकंद उरलेला असताना ४४ यार्डांच्या पासवर टचडाऊन (सहा गुण) केला. २३-२० ने टेक जिंकले. मायामीचा कोच मारिओ क्रिस्टोबाल, आणि याच कोचच्या ओरेगॉनने २०१८ मध्ये स्टॅनफर्डविरुद्ध शेवटच्या मिनिटात पुढे असताना असाच बॉल घेऊन पळायला दिला होता, फंबल झाला, ओव्हरटाइममध्ये ३८-३१ हरले. फंबल करणाऱ्या पोरांना लोक फार बोलले, मला ते पटत नाही, कॉल साइडलाइनवरून, कोचकडून येतो.

—

‘वेळ काढला’ का नको? सोपं आहे की.

—

वेळकाढूपणा म्हटलं की दोष आलाच, कोणी सरकारी फाईल अडवून बसलंय असं वाटतं. इथे तर हाच शहाणपणाचा निर्णय. कबड्डीत लीड असताना रेडर निदान रेषा ओलांडून, वेळ खाऊन परत येतो, त्याला आपण ‘एम्प्टी रेड मारली’ म्हणतो, कोणी नावं ठेवत नाही. तसा न्यूट्रल शब्द पाहिजे.

—

मग कोचच्या बाजूने ‘घड्याळ संपवलं’ आणि खेळाडूच्या बाजूने ‘गुडघा टेकवला’, असे दोन ठेवा. निर्णय एकाचा, कृती दुसऱ्याची. पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत नियम सांगून टाका, पुढे वाचक आपोआप धरतो.

—

मूळ प्रश्न माझा. हे आवडलं, असं लिहिते: ‘घड्याळ संपवायचं सोडून मायामीने बॉल रनिंग बॅककडे दिला, क्वार्टरबॅकने गुडघा टेकवला असता तर जॉर्जिया टेकला बॉल मिळालाच नसता.’ ‘व्हिक्टरी फॉर्मेशन’ (गुडघा टेकवताना संघ जसा उभा राहतो ती रचना) मात्र तसंच ठेवते, ‘विजयरचना’ वगैरे कोणी बोलणार नाही.