रोज घालायच्या अंगठीसाठी हिरवा किंवा निळा खडा: टिकाऊ कोणता?

धंतोलीकर
साखरपुड्याची अंगठी करायची आहे. तिला रंगीत खडाच हवा. पहिली पसंती हिरवा, नाहीतर निळा. ती दातांची डॉक्टर आहे. दिवसभर हातमोजे घालणं-काढणं, वरचेवर हात धुणं, सॅनिटायझर, जाणं-येणं गाडीवर. नागपूरच्या इतवारीत तीन दुकानं पाहिली. एकात सव्वापाच रत्तीचा पन्ना (पाचू) दाखवला, दुसऱ्यात निळा टोपाझ ("पुखराजच समजा"), तिसऱ्यात म्हणाले रंग सोडा, माणिक घ्या, तो ९ कठीणतेचा आहे आणि स्वस्तात देतो. अंगठी रोज वापरली जाणार आहे, कपाटात राहणार नाही. काय घ्यावं? आणि सोनं २२ कॅरेट की १८?

खडेपारखी
रोजच्या वापरासाठी कोरंडम घ्या, म्हणजे नीलम, माणिक, पुष्कराज या घराण्यातला खडा. कठीणतेच्या मोह्स मापावर (१ ते १०) तो ९ आहे. आपल्याकडच्या धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतात आणि क्वार्ट्‌झ ७. त्यामुळे ७ किंवा त्याखालचा खडा रोज कोरड्या फडक्याने पुसला तरी पैलूंच्या कडा झिजतात आणि खडा धुरकट दिसू लागतो. अॅमेथिस्ट, पेरिडॉट, टांझानाइट, ओपल इथेच बाद होतात. मोती आणि पोवळं तर फारच मऊ.

पण कठीणता म्हणजे चरा न पडणं. आपटल्यावर न फुटणं हा वेगळा गुण, आणि टोपाझ तिथेच मार खातो. त्याची कठीणता ८ आहे, पण एका दिशेने तो लाकडाच्या ढलप्यासारखा सरळ दुभंगतो. नेमक्या कोनात बेसिनच्या कडेला लागला की संपलं. शिवाय तो पुखराज नाही. पुखराज म्हणजेच पुष्कराज, पिवळा कोरंडम. टोपाझ हे वेगळंच खनिज.

पन्ना ७.५ ते ८, म्हणजे धुळीला तो दाद देत नाही. अडचण त्याच्या आतल्या बारीक भेगांची आहे. बहुतेक पन्न्यांत त्या तेलाने किंवा राळेने भरलेल्या असतात. गरम पाणी, साबण, अल्कोहोल यांनी तेल हळूहळू निघून जातं आणि लपलेल्या भेगा पांढुरक्या दिसू लागतात. दवाखान्यात रोज हेच होणार. सणावाराला घालायला पन्ना सुंदर, या हातात नको.

गोंडाइट
हिरवाच हवा असेल तर दोन पर्याय. पहिला हिरवा नीलम, म्हणजे हिरव्या रंगाचा कोरंडम. रंग थोडा निळसर किंवा शेवाळी असतो, पन्न्यासारखा गवती नाही, पण टिकाऊपणात त्याला तोड नाही. दुसरा त्सावोराइट, म्हणजे हिरवा गार्नेट. रंग पन्न्याच्या जवळचा. कठीणता ७ ते ७.५, दुभंगण्याची दिशा नाही, तेल भरण्याचा प्रकारही सहसा नसतो. मोठे खडे दुर्मीळ, तेव्हा एक कॅरेटच्या आत शोधा (हा खड्याच्या वजनाचा कॅरेट, सोन्याच्या शुद्धतेचा नव्हे). (मनसर-भंडाऱ्याकडच्या मँगनीजच्या खडकातही गार्नेट असतं, पण बारीक दाण्यांचं, अंगठीच्या कामाचं नव्हे.)

निळ्यात नीलमच. घरात "नीलम सोसेल का" ही धास्ती असेल तर निळा स्पिनेल पाहा, ते वेगळंच खनिज आहे. कठीणता ८, दुभंगत नाही.

दुकानात रत्तीपेक्षा मिलिमीटर विचारा. बाजारची रत्ती साधारण ०.९१ कॅरेट, म्हणजे सव्वापाच रत्ती सुमारे पावणेपाच कॅरेट. पन्न्यात तो खडा १०-११ मिमी लांब भरेल. त्यावर हातमोजा चढणारच नाही. नीलम पन्न्यापेक्षा बराच जड, त्यामुळे त्याच वजनात लहान दिसतो. ६ मिमीचा गोल नीलम साधारण एक कॅरेटचा असतो आणि तिच्या कामाला तो पुरे.

जडाईकाम
खडा कितीही चांगला असो, बसवणी चुकली तर तो जातो. हातमोजे आहेत म्हणजे खडा नख्यांनी धरलेली अंगठी नको. नखी मोज्यात अडकते, मोजा फाटतो आणि ओढ बसून नखी उचलली जाते. पूर्ण काठ असलेलं बंद सेटिंग करा. खड्याची कड, जिथे कपची उडण्याची भीती जास्त, ती सोन्याखाली झाकली जाते. काठ सगळीकडे सारखा दाबलेला हवा. भिंगाखाली खडा आणि सोनं यांच्यात फट दिसली तर परत करा.

खडा फार खोल कापलेला असला की घर उंच करावं लागतं आणि उंच अंगठी सगळीकडे आपटते. म्हणून खडा बाजूनेही बघून घ्या. मागची बाजू उघडी ठेवा. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर खड्याच्या पाठीवर साचतो आणि चमक मरते. मागून उघडं असलं की मऊ ब्रश पोचतो. आधी पाण्याखाली धरून धूळ काढायची, मगच पुसायचं.

सोनं १८ कॅरेट. २२ मऊ असतं, रोजच्या वापरात काठ आणि पट्टी दोन्ही झिजतात. हॉलमार्कवर ७५० आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (त्या दागिन्याचा स्वतःचा क्रमांक) तपासा. बोटाचं माप संध्याकाळी द्या. मे महिन्यात बोटं सुजतात आणि डिसेंबरात तीच अंगठी फिरते, तेव्हा एकाच मापावर विसंबू नका.

धंतोलीकर
फार मदत झाली. पण मग तो स्वस्त माणिक? तोही कोरंडमच ना?

खडेपारखी
कोरंडम आहे, पण बहुधा शिशाची काच भरलेला. भेगांनी भरलेला कच्चा माल काच ओतून पारदर्शक करतात. मग टिकाऊपणा काचेचा उरतो, माणकाचा नव्हे. लिंबाचा किंवा संत्र्याचा रस लागत राहिला तरी काच खाल्ली जाते आणि पृष्ठभागावर रेघा उमटतात. सोनाराच्या ज्योतीने तर ती वितळतेच. दहापट भिंगाखाली खडा हलवून बघा: आत निळसर-नारिंगी झगमग आणि चपटे बुडबुडे दिसले तर नको. नीलमातही कोबाल्टची काच भरलेले येतात.

नुसता तापवलेला नीलम मात्र बिनधास्त घ्या. ती प्रक्रिया कायमची असते. प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रात "प्रक्रिया" या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा, नुसतं "नैसर्गिक कोरंडम" एवढ्यावर पैसे देऊ नका. बजेट कमी असेल तर प्रयोगशाळेत वाढवलेला नीलम मागा. कठीणता तीच ९, फक्त तो तसा सांगून विकलेला हवा.

जडाईकाम
पुढे कधी माप बदलायचं झालं तर खडा काढूनच ज्योत लावायला सांगा. नीलम उष्णता सोसतो, पण झाळकामाचा टाकणखार (बोरॅक्स) तापून खड्याला लागला तर वरचा थर खातो, आणि तो डाग पुन्हा पॉलिश केल्याशिवाय जात नाही.