बैलाला दिलेल्या सुईनं गिधाड कसं मरतं?

गोठेवाला_नाशिक

रामराम मंडळी. काल रात्री आमचा म्हातारा डांगी बैल गेला. चिखलात घसरून मागचा पाय दुखावला तेव्हापासून बसूनच होता. गावात एक जण इंजेक्शनं देतो, त्यानं संध्याकाळी सुया दिल्या, काल जरा चाराही खाल्ला. आमच्या भागात गिधाडांसाठी मेलेली ढोरं टाकायची जागा आहे. तिथल्या पोरांना फोन केला, ती सकाळी ट्रॅक्टर घेऊन आली. आल्या आल्या पहिला प्रश्न: शेवटची सुई कधी दिली, कोणती दिली? वळचणीला पडलेल्या रिकाम्या कुप्या मी दाखवल्या. माणसांच्याच, तीन-तीन एमएलच्या, डायक्लोफेनॅक. पोरं हात जोडून परत गेली.

आता मला सांगा, हेच औषध आमची आई गुडघ्यासाठी घेते. बैलालाही त्यानं आराम पडला. मग गिधाडालाच काय होतं? एवढ्या मोठ्या जनावरात चार-पाच कुप्या म्हणजे कितीसं? हे कोणी डोळ्यांनी पाहिलंय का, की कुणीतरी वरून ठरवलंय? बैल अजून अंगणात आहे, वर ताडपत्री टाकलीय.

माळावरचा

दादा, आधी जेसीबी बोलवा. ओढ्यात टाकू नका, आमच्याकडे तेच करतात आणि मग कुत्र्यांच्या झुंडी वाढतात. बाकीचं चिरफाड_काका सांगतील, त्यांचा आवडता विषय आहे.

चिरफाड_काका

आवडता म्हणजे काय, नोकरीच मेलेली जनावरं फाडण्याची होती.

गोठेवाले, आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या. मेल्यावर नाकातून किंवा मागून काळपट, न गोठणारं रक्त आलं होतं का? पोट फार झपाट्यानं फुगलं का? तसं असेल तर सुरी लावू नका, कातडंही काढू देऊ नका. फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स असू शकतो. जनावर उघडलं की हवा लागून त्या जंतूचे बीजाणू होतात आणि ते मातीत वर्षानुवर्षं टिकतात. सरकारी दवाखान्यात कळवा, कानाच्या शिरेतलं थेंबभर रक्त काचपट्टीवर घेऊन, तपासून ते सांगतील. तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही, पण हे विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही.

आता गिधाड. कोणी पाहिलंय का? पाहिलंय, आणि पोट फाडूनच पाहिलंय.

१९९० च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बीएनएचएसचे, म्हणजे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे, विभू प्रकाश यांना गिधाडं झपाट्यानं कमी होताना दिसली. झाडावर मान खाली टाकून बसायची आणि मग खाली पडायची. सगळ्यांचा संशय साथीच्या रोगावर, बहुतेक विषाणूवर. संशय वाजवीच होता. फक्त विषाणू सापडेना.

उत्तर सापडलं सीमेपलीकडे. लिंडसे ओक्स हा अमेरिकन पशुवैद्यक पाकिस्तानातल्या पंजाबात काम करत होता. उन्हाळ्यात झाडाखाली पडलेला पक्षी काही तासांत सडतो आणि सडलेल्या मूत्रपिंडातून काही कळत नाही, त्यामुळे ताजी प्रेतं मिळवणं हीच मोठी लढाई. त्याच्या गटानं २५९ गिधाडं उघडली, त्यांतल्या २१९ मध्ये व्हिसेरल गाऊट. म्हणजे हृदयावर, यकृतावर, मूत्रपिंडांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर.

हा थर मी स्वतः पाहिलाय. पोत्यात घालून आणलेलं लांब चोचीचं गिधाड होतं. छातीच्या हाडालगत मांस भरपूर, पोटात चरबी. म्हणजे उपाशी मेलेलं नाही, जुना आजारही नाही, ठणठणीत असताना गेलेलं. छातीचं हाड उचललं तर हृदय असं, जणू पिठाच्या गिरणीत राहून आलेलं. पक्ष्यांची मूत्रपिंडं पाठीच्या हाडाच्या खोबणीत घट्ट बसलेली असतात, ती बोटानं सुटत नाहीत. हलक्या हातानं खरवडून काढली तर फुगलेली, फिकट, पांढऱ्या रेघांची.

गाऊट हा मात्र रोग नव्हे, रोगाचा शेवट. पक्षी नायट्रोजन युरियाऐवजी युरिक ॲसिड म्हणून बाहेर टाकतात, शिटेतला पांढरा भाग तोच. मूत्रपिंड बंद पडलं की ते रक्तात साचतं आणि अवयवांवर जमतं. कोंबड्यांच्या शेडवाल्यांना हे नवं नाही, पाणी कमी पडलं तरी पिल्लांत होतं. म्हणजे प्रश्न उरला की मूत्रपिंड कशानं मारलं. ओक्सच्या गटानं विषाणू शोधले, कीटकनाशकं शोधली, जड धातू शोधले. सगळीकडे नकार. मग त्यांनी प्रयोगशाळा सोडून जनावरांचे डॉक्टर आणि औषध दुकानदार गाठले: ढोरांना तुम्ही काय देता? माझ्या मते सगळ्या संशोधनातली हीच सर्वांत हुशार चाल. मूत्रपिंडाला घातक ठरू शकेल आणि सर्रास वापरात असेल असं एकच नाव पुढे आलं. गाऊटनं मेलेल्या २५ पैकी २५ गिधाडांच्या मूत्रपिंडात डायक्लोफेनॅक मिळालं. दुसऱ्या कारणांनी मेलेल्या १३ पैकी एकातही नाही. मग औषध दिलेल्या जनावरांचं मांस खाऊ घालून तोच आजार पुन्हा घडवून दाखवला. २००४ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आलं. २००६ मध्ये भारत, पाकिस्तान आणि नेपाळनं जनावरांसाठी ते बंद केलं.

तुमच्या 'कितीसं' चं उत्तर. बैल हे औषध दोन-तीन दिवसांत अंगातून काढून टाकतो. तुमचा त्याआधीच मेला, म्हणजे यकृतात, मूत्रपिंडात आणि सुई टोचलेल्या मांसात ते तसंच आहे. गिधाडं मऊ अवयवांवर आधी तुटून पडतात, आणि एका बैलावर थवाच उतरतो. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. त्यामुळे शंभरात एकापेक्षाही कमी ढोरांत हे औषध असलं, तरी सगळा ऱ्हास त्यातून होऊ शकतो असा हिशेब आहे. आई आणि बैल सस्तन प्राणी, त्यांचं गणित वेगळं. गंमत म्हणजे अमेरिकेतलं टर्की गिधाड आपल्या गिधाडाला मारणाऱ्या मात्रेच्या शंभरपटही पचवतं. नाव एक, कूळ वेगळं.

मेडिकल_स्टोअर

कुप्या तीन एमएलच्या का ते सांगतो. पूर्वी माणसांच्या नावाखाली ३० एमएलच्या बाटल्या यायच्या, माणसाला तेवढं लागतं कुठे? त्या गोठ्यात जायच्या. २०१५ मध्ये सरकारनं तीन एमएलच्या एकाच डोसची कुपी सक्तीची केली. एका कुपीत ७५ मिलिग्रॅम, बैलाला साडेतीनशेच्या आसपास लागतं. पाच कुप्या फोडायचा कंटाळा येईल असा अंदाज होता. बघा, आला का कंटाळा! चिठ्ठीशिवाय पाच मागणारा कोणासाठी नेतोय हे गल्ल्यावर बसणाऱ्याला कळतं. मी देत नाही, शेजारचा देतो.

सूक्ष्मदर्शी

काका, मी पॅथॉलॉजीत एमव्हीएससी, म्हणजे पशुवैद्यकाची पुढची पदवी, करतेय. गाऊटच्या कोंबडीची स्लाइड केली, तर स्फटिक दिसेचनात, नुसत्या पोकळ्या आणि भोवती पेशींचं कडं. डोळ्यांनी तर पांढरं दिसलं होतं.

चिरफाड_काका

फॉर्मॅलिनमध्ये टाकलं असणार. त्यात पाणी असतं, युरेट, म्हणजे युरिक ॲसिडचे ते स्फटिक, विरघळून जातं. दिसतायत त्या पोकळ्या म्हणजे स्फटिकांची रिकामी घरं. पुढच्या वेळी एक तुकडा ॲब्सोल्यूट अल्कोहोलमध्ये ठेव, डी गॅलांथा स्टेन कर, युरेट दाखवणारा रंग आहे तो. आणि औषधाचा अंश शोधायचा असेल तर यकृत-मूत्रपिंडाचा वेगळा तुकडा बर्फावर. फॉर्मॅलिनमध्ये सगळं कोंबून 'विषाचा रिपोर्ट द्या' म्हणणारी पाकिटं आम्हाला यायची, त्यांवर काय करणार?

गोठेवाला_नाशिक

काका, रक्त वगैरे काही नव्हतं. खड्डा झाला, चांगला पुरुषभर खोल, वर काटेरी फांद्या टाकल्या. आता एक गाय लंगडतेय. त्या सुईवाल्याला काय सांगू? ॲसिक्लोफेनॅक वेगळं असतं म्हणतो.

चिरफाड_काका

वेगळं नाही. गाईच्या अंगात गेल्यावर त्याचं डायक्लोफेनॅकच होतं. म्हणून २०२३ मध्ये केटोप्रोफेनबरोबर त्यावरही जनावरांसाठी बंदी आली, नंतर निमेसुलाइडवर. मेलॉक्सिकॅम गिधाडांना खाऊ घालून तपासलेलं आणि सुरक्षित ठरलेलं आहे, टोल्फेनॅमिक ॲसिडही. दुखणं दोन्हींनी थांबतं. गाय मात्र दवाखान्यात दाखवा, खुरात काही रुतलंय का ते आधी बघायला हवं. आणि गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहीत चला: तारीख, औषधाचं नाव. ती पोरं पुढच्या वेळी तेवढंच विचारतील.

गोठेवाला_नाशिक

लिहितो. पण तो सुईवाला ऐकणारा नाही हो.

चिरफाड_काका

तर मग त्याला बोलावूच नका.